जंताची गोळी दिल्यावर मांजराला उलट्या-जुलाब होत असतील तर?

तुम्ही लिहिलंय की भाटी आठ महिन्यांची आहे. परवा संध्याकाळी जंताची गोळी दिली, लगेच तोंडाला फेस आला, काल दोन उलट्या आणि तीनदा पातळ शी झाली, आज थोडंसं खाल्लंय. गोळी बाधली का, आणि ताक पाजू का, असं विचारलंय. ताक नको, दूधही नको. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, जुलाब वाढतात. गोळीचं सांगतो, पण आधी तिचं रिकामं पाकीट कचऱ्यातून शोधून काढा.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. आम्ही हर्णैला राहतो. बंदर जवळ, त्यामुळे घरात सात मांजरं, त्यातली आमची म्हणावी अशी दोन. एका पावसाळ्यात बोक्याच्या शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी वळवळताना दिसलं. शाळेत जंतनाशक दिनाला पोरांना देतात तीच अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी मी मेडिकलमधून आणली आणि अर्धी मोडून दिली. अर्धी म्हणजे 200 मिलिग्रॅम, एक-दोन वर्षांच्या मुलाला देतात तेवढी. बोका जेमतेम तीन किलोचा! उलट्या झाल्या, दोन दिवस भाताच्या कोठीमागे पडून होता. डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. हे औषध मांजराच्या अस्थिमज्जेवर परिणाम करू शकतं, रक्तपेशी कमी होतात, हे मला तेव्हा कळलं. पाकिटावर अल्बेंडाझोल असेल तर उलट्या थांबल्या तरी डॉक्टरांना कळवा.

पाकिटावर प्राझिक्वांटेल आणि पायरँटेल अशी नावं असतील तर ती मांजरांना नेहमी देतात ती गोळी. प्राझिक्वांटेल कडूजहर असतं. दाताखाली फुटलं की मांजर लाळ गाळतं, फेस काढतं. तुमच्या भाटीचा फेस मला त्यातलाच वाटतो, विषबाधेचा नाही. एखाद-दोन उलट्या, दिवस-दोन दिवस पातळ शी, हेही चालतं. पोटात गोल जंत भरपूर असतील तर ते शेवयांसारखे शीतून नाहीतर उलटीतून पडतात. बघून किळस येते, पण ते बाहेर पडलेलेच बरे.

मात्र डोस वजनावर असतो आणि वजन कोणी करत नाही. आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशींच्या लटकत्या काट्याला कापडी पिशवीत घालून बोक्याचं वजन केलं. मावशी म्हणाल्या, "सुरमईच्या भावात देऊ काय?" तर असं काहीतरी करा आणि आकडा लिहून ठेवा. उलटीत गोळी पडली असं वाटलं तरी स्वतःहून दुसरी देऊ नका.

आज खाल्लंय हे चांगलं लक्षण. मऊ भात आणि मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, किंवा काटा काढलेला मासा, चमचा-चमचा करून चार-पाच वेळा द्या. कालवणातला मासा धुऊन दिला तरी नको, त्यात कांदा-लसूण उतरलेलं असतं आणि ते मांजराला विषारी. सुकटही नको, खारट असते. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. माणसांची जुलाब थांबवणारी गोळी किंवा पॅरासिटामॉल चुकूनही नको. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकतं.

मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा. हळूहळू बसत असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय. तसं दिसलं, शीमधून रक्त आलं, पाणीसुद्धा पोटात टिकेना, हिरड्या पांढुरक्या पडल्या, ती लटपटायला लागली, किंवा पूर्ण दिवस तोंडाला काही लावलं नाही, तर घरचे उपाय बंद करून दवाखाना गाठा. जाड मांजर उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढते. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू असतं तर मी आजचीही वाट पाहा म्हटलं नसतं. आपल्याकडचे सरकारी दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींचे, म्हणून आधी फोन करून मांजर बघतात का ते विचारा. 1962 या टोल फ्री क्रमांकावरही चौकशी करता येईल. जाताना पाकीट, वजनाचा आकडा आणि शीचा फोटो न्या. मी उलटी डब्यात भरून नेली होती. डॉक्टरांनी नाक दाबून का होईना, पण बघितली.

आणि ते तांदळाच्या कण्यांचे जंत असतील तर भाटीच्या अंगावर पिसवा बघा. पिसू गिळली की तोच चपटा जंत परत पोटात जातो, उंदरातून येणारा त्याचा भाऊबंद वेगळाच. मात्र पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध लावू नका. त्यात परमेथ्रिन असलं तर मांजराला झटके येतात.