वीरगळ रंगवण्याआधी थोडं थांबा

तुमचा प्रश्न वाचला. खटाव तालुक्यातल्या तुमच्या गावात तरुणांनी मिळून इतिहास मंडळ काढलंय, पहिली शिवजयंती दणक्यात झाली आणि आता रानात विखुरलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीत कोरून उभे केलेले दगड, गोळा करून, रंगवून, देवळापुढं ओळीनं उभे करायचा विचार चाललाय. वर्षाचे कार्यक्रम कसे ठरवावेत, असंही विचारलंय. मी सातारा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते आणि आमच्या मंडळात पहिल्या दिवसापासून आहे. बाकीचं पुढे सांगते, पण आधी कळकळीनं एक मागणं: ते वीरगळ जागचे हलवू नका, आणि रंग तर मुळीच लावू नका.

आम्ही हलवले होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तीन ठिकाणचे पाच दगड देवळापुढं आणले, सिमेंटचा कट्टा बांधून त्यात पक्के बसवले, हार घातले. गाव खूश होतं. आठवड्याभरात खालच्या वस्तीवरच्या एक आजी देवळात आल्या. बराच वेळ त्या दगडांकडं बघत उभ्या राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "बाई, आमचा म्हातारा त्या बांधावर पडला व्हता. तुमी त्येला हितं आणून कुणाच्या ओळीत बशिवला?" त्यांच्या घरातून दर दिवाळीच्या पाडव्याला त्या बांधावर नैवेद्य जायचा. आम्हाला तो दगड बेवारस वाटला होता, कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

पुढे साताऱ्याहून एक अभ्यासक आले. कुठला दगड कुठं होता, त्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, शेजारी काय होतं, असं त्यांनी विचारलं. पाचांपैकी तिघांबद्दल आम्हाला धड सांगता येईना. वीरगळाच्या खालच्या चौकटीत लढाई असते; गाई कोरल्या असतील तर तो माणूस गोधन सोडवताना पडला असं समजतात. त्यावर अप्सरा त्याला घेऊन जाताना दिसतात, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. तो कसा मेला हे दगड सांगतो. कुठं मेला, शिवेवर, उतारावर की गुरांच्या वाटेवर, हे मात्र जागाच सांगते. ते आम्ही पुसून टाकलं. त्याची हळहळ मला आजही आहे. आजींचा दगड कट्टा फोडून परत बांधावर नेला. दोघांच्या जागा जुन्या माणसांनी दाखवल्या, पण उरलेले दोन अजून देवळापुढंच आहेत.

म्हणून पहिलं वर्ष नुसत्या नोंदीला द्या. लागते फक्त वही, मोजपट्टी आणि मोबाइल. प्रत्येक दगडाची उंची, रुंदी, जाडी, तोंडाची दिशा, रान कुणाचं, लोक त्याला काय म्हणतात, पूजा कोण करतं, हे सगळं लिहा. फोटो भर दुपारी काढू नका. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं. अक्षरं पुसट असतील तर खडू किंवा पीठ चोळू नका, अंधार पडल्यावर एका बाजूनं बॅटरी धरा. ऑइल पेंटनं कोरलेल्या रेघा बुजतात आणि तो काढायला गेलं की दगडाची सालही निघते. शेंदराचं वेगळं आहे. तो चालत्या पूजेचा भाग आहे, तेव्हा गुरव आणि भावकीला विचारल्याशिवाय तो खरवडू नये.

गावात बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर, असेल तर श्रमदानाला तिच्यासारखी जागा नाही. गाळ काढा, पण दगडांच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप ओढू नका, मुळाबरोबर दगडच बाहेर येतो. ते बुडाशी कापा. ढासळलेल्या पायरीला सिमेंट भरू नका. चुना आतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं आणि मग शेजारचा दगड सुटायला लागतो. आणि जागा संरक्षित स्मारक असेल, म्हणजे 1958 च्या केंद्राच्या किंवा 1960 च्या राज्याच्या कायद्याखाली येत असेल, तर पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीच करू नका.

पोरांना एकदा लिंबजवळची बारा मोटांची विहीर दाखवून आणा. शाहू महाराजांच्या (संभाजी महाराजांचे पुत्र, कोल्हापूरचे नव्हेत) काळात वीरूबाईंनी बांधून घेतलेली, अष्टकोनी, आत महाल असलेली. एकाच वेळी 12 मोटा, म्हणजे बैलांनी पाणी ओढायच्या कातडी पिशव्या, चालतील अशी सोय तिथं आहे आणि शिलालेखही जागेवर आहे. वस्तू जागेवर राहिली की काय होतं, हे तिथं उभं राहिल्यावर मला वेगळं शिकवावं लागत नाही.

कागदांचंही तसंच. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड 1898 साली निघाला, तो वाईत सापडलेल्या पत्रांतून. इतिहास संशोधक द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात आयुष्यभर जमवलेला जुन्या कागदांचा संग्रह त्यांच्यामागं पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथं तो जपला गेला हे खरंच, तरी सातारच्या पोराला आज तो बघायला पुणं गाठावं लागतं. तेव्हा कुणाच्या माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, निघाला तर तो मंडळात आणू नका. त्याच घरात, त्यांच्यासमोर उलगडून फोटो काढा आणि होता तसा बांधून परत द्या. मोडी शिकायची असेल तर राज्याच्या पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात. आमच्यातल्या दोघी तिथंच शिकल्या. औंध तर तुमच्याच तालुक्यात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं भवानी संग्रहालय पोरांना दाखवाच.

मंडळाच्या नोंदणीबद्दल थोडक्यात: सात जण लागतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. पैशांची देवघेव सुरू होण्याआधी करून टाका.

आता कार्यक्रम. तारखांना तोटा नाही. 12 जानेवारी 1708 ला साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. 18 एप्रिल हा जागतिक वारसा दिन, आणि 19 ते 25 नोव्हेंबर वारसा सप्ताह. महाशिवरात्रीला बऱ्याच गावांत बारवेत दिवे लावतात, आम्हीही लावतो, पण पणतीखाली मातीची ताटली ठेवून, कारण सांडलेलं तेल दगडात मुरतं. दिवाळीत मुलं किल्ले करतातच. आम्ही त्यांना आधी अजिंक्यताऱ्यावर नेतो आणि मग तोच किल्ला करायला सांगतो. दरवाजा कुठल्या तोंडाला, तळी कुठं, यावर दोन दिवस भांडणं चालतात. मला ती फार आवडतात.

पण प्रत्येक तारखेला ढोल वाजायलाच हवा असं नाही. 8 सप्टेंबर 1857 ला साताऱ्यात गेंडामाळावर इंग्रजांनी उठावाच्या कटाबद्दल 17 जणांना मारलं: कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्या तारखेला आम्ही वरच्या वर्गातली मुलं घेऊन तिथं जातो. हार नाही, भाषण नाही. काय झालं ते एक मुलगी वाचून दाखवते आणि आम्ही परत येतो.

शिवजयंतीची मिरवणूक आम्हीही काढतो. फक्त ती आता आजींच्या बांधावरून सुरू होते. पहिला नारळ त्यांच्या घरचं माणूस फोडतं. आजी आता नाहीत. गेल्या वेळी त्यांच्या नातीनं फोडला.

तुमच्या पोरांनी रंगाचे डबे आधीच आणले असतील तर ते वाया जाणार नाहीत. शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा काढा. शीव, ओढा, वाटा दाखवा, आणि प्रत्येक वीरगळ आज जिथं आहे तिथं त्याची खूण करा.