चुलीपाशी : आईच्या वहीतलं मीठ

अंगणात सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत घातली आहेत आणि आभाळ दुपारपासून कुरकुरतंय. त्यामुळे एक डोळा तुमच्या पत्रांवर आणि एक बाहेर. बोटं रातांब्यांनी, म्हणजे कोकमाच्या फळांनी, जांभळी झालीत, कागदावर डाग दिसले तर संपादकांनी समजून घ्यावं. या खेपेला पत्रं पुष्कळ आली. एका पत्रापाशी मात्र मी दोन दिवस रेंगाळले, म्हणून तेच आधी घेते.

काकू, माझी आई मालवणची. ती जाऊन दोन वर्षं झाली. १९७४ साली लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा तिने लिहिलेली पाककृतींची वही माझ्याकडे आहे. त्यातलं बांगड्याचं तिखलं मी शब्दाला शब्द लावून करते. ‘बांगडे ६, मिरच्या १५, हळद, तिरफळं ८-१०, सोलं ७-८, मीठ दोन चमचे, वरून खोबरेल.’ दर वेळी खारट होतं आणि मागाहून कडवट लागतं. नवरा चेष्टेने म्हणतो, सासूबाईंनी मुद्दाम चुकीचं लिहून ठेवलं असेल. मला ती चेष्टा सोसत नाही. — एक वाचक, ठाणे

ताई, जावईबापूंना सांगा, आमच्याकडची आई लेकीला चुकीचं लिहून देत नाही. फार तर अर्धं लिहून देते. उरलेलं अर्धं तिच्या लेखी लिहिण्यासारखं नसतंच. ‘मीठ’ म्हणजे कुठलं मीठ, हे त्या काळी मालवणात कोण लिहील? घरात एकच मीठ असायचं, खडे मीठ. आमच्या वेंगुर्ल्यात ते शिरोड्याच्या मिठागरांतून यायचं. हो, तेच शिरोडा, १९३० साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला. जरा मळकट, ओलसर, हरभऱ्याएवढे खडे. बरणीत नारळाची करटी टाकलेली असायची, तिने काढायचं.

तुमचं पत्र वाचून मी वजनकाटा काढला. (लेकीने केक करायला म्हणून घेतला होता. केक काही झाला नाही, काटा राहिला.) एक सपाट चमचा बारीक मीठ सहा ग्रॅमच्या आसपास भरलं. त्याच चमच्यात खडे मीठ जेमतेम चार. खड्यांच्या मधे फट राहते ना. म्हणजे आईचे दोन चमचे आठ ग्रॅमचे आणि तुमचे दोन चमचे बारा ग्रॅमचे. दीडपट! तिखलं खारट नाही होणार तर काय होईल?

त्यावर सोलांचं मीठ वेगळं. रातांब्याची साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, अशी पुटं देत सोलं होतात. आईच्या घरच्या सोलांत मीठ किती, हे तिला ठाऊक होतं. विकतच्या पाकिटातल्या सोलांवर कधी कधी पांढरा थर दिसतो, तोही मीठच. तेव्हा तुमच्या तिखल्यात तीन वाटांनी मीठ शिरतंय, आणि त्यातली एकच वहीत लिहिलेली आहे.

आता कडवटपणा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैजेवर सांगते, तिरफळं तुम्ही मिरच्यांबरोबर मिक्सरला लावता. तिरफळ म्हणजे माशाच्या कालवणातलं वासाचं फळ, त्याचं सगळं वैभव फुटलेल्या सालीत. आतली काळी चकचकीत बी कडू. आधी ती काढून टाकायची. मग साल नुसती ठेचायची, वाटायची नाही. पाट्यावर आई वरवंट्याने एक दणका देऊन बाजूला करत असणार, नाहीतर थोड्या पाण्यात भिजत टाकत असणार. हेही तिने लिहिलं नाही, कारण तिरफळ वाटतात असं तिच्या कधी मनातही आलं नसेल.

मी स्वतः राजापूरकडची. आमच्या माहेरी मासे कमी, त्यामुळे वेंगुर्ल्यात येऊन पहिलं तिखलं मी शेजारणीने सांगितलेल्या मापाने केलं. मीठ खडेच होतं, पण तिचा चमचा आमटीतला आणि मी घेतला डाव. सासरे एक शब्द बोलले नाहीत. जेवले, हात धुतले आणि उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायले. सासूबाईंनी मडक्यात बोट घालून चाखलं आणि मला म्हणाल्या, “चमचो चाखता काय गो? जीभ कित्याक दिल्यान देवान?” तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आता मी सुनेला तेच म्हणते, आणि ती हसते. दिवस बदलले.

तर पुढच्या खेपेला असं करा. मिरच्या ब्याडगी घ्या, भिजवून हळदीबरोबर गंधासारख्या वाटा. पंधरा मिरच्यांचा आकडा बघून घाबरू नका, ब्याडगी रंगाला पुढे आणि तिखटाला मागे. वाटण पाण्यात कालवून ठेचलेली तिरफळं टाका आणि एक सपाट चमचा मीठ घालून उकळी येऊ द्या. इथे चाखा. मासा घालण्याआधी चाखा, नंतर हळहळून उपयोग नाही. मग पाचच सोलं, तीही पाण्यातून एकदा काढून. ती उकळली की पुन्हा चाखा. आता बांगडे. सात-आठ मिनिटं पुरतात. डाव फिरवायचा नाही, भांडं दोन्ही कानांना धरून हलवायचं. आच बंद केल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल वरून सोडायचं आणि झाकण. अर्थात खायचं खोबरेल, केसांचं नव्हे. हे सांगावं लागतं, मागे एकीने खरंच विचारलं होतं. शक्य असेल तर रात्री करून दुसऱ्या दिवशी जेवा.

आणि वहीतलं ‘मीठ दोन चमचे’ खोडू नका हं. पेन्सिलीने शेजारी ‘खडे’ एवढंच लिहा.

तुम्ही सगळं घरीच करता का हो? तुमच्या फडताळात विकतचं काही असतंच की नाही? खरं सांगा. — एक नोकरदार सूनबाई, रत्नागिरी

खरं सांगते. भरपूर असतं. हिंग एल.जी.चा, हा आमच्या घरात सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेला. कंपनी १८९४ सालची आहे म्हणतात, म्हणजे आमच्या घराहून जुनी. लोणच्याचा मसाला बेडेकरांचा. मी आयुष्यात दोनदा घरी करून पाहिला आणि दोन्ही वेळा घरच्यांनी “छान झालाय” असं इतक्या सांभाळून म्हटलं की मी समजले. चहाबरोबर पार्ले-जी. सासूबाई शेवटपर्यंत त्याला ‘ग्लुको’च म्हणायच्या, आणि बिस्किट चहात बुडवून किती अंक मोजायचे याचा त्यांचा हिशेब ठरलेला होता. शेवया विकतच्या. पापड विकतचे. मालवणी मसाला मात्र नाही. तो एप्रिलात घरचाच. त्यात ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती यावरून आमच्या आळीत दोन पक्ष आहेत आणि मी कुठल्या पक्षात आहे ते इथे छापणार नाही.

हिंगावरून आठवलं. मागच्या महिन्यात एका आजींनी विचारलं होतं की नातवाला गहू बिलकुल चालत नाही, हिंग चालेल ना? आजी, आपण वापरतो तो बहुतेक बांधणी हिंग. शुद्ध हिंगाचा उग्रपणा आटोक्यात आणायला त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, पुष्कळदा गव्हाचं. डब्याच्या मागे घटक छापलेले असतात. भिंग घ्या, पण वाचा. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो.

चांगलं आमसूल ओळखायचं कसं? इथे पुण्यात तीनशे रुपयांचंही मिळतं आणि नऊशेचंही. — एक वाचक, पुणे

भाव बघून कळत नाही, बोटाला कळतं. पाकिटावरूनच दाबून बघा. चांगलं सोल चामड्यासारखं वाकतं, कडकडीत मोडत नाही. नवं असलं तर लालसर जांभळं, ठेवणीतलं काळपट. काळं म्हणजे खराब असं नव्हे, आमच्याकडे जुन्याला मान आहे. घरी आणल्यावर दोन सोलं वाटीभर पाण्यात टाका. रंग हळूहळू उतरला पाहिजे आणि पाणी आंबट झालं पाहिजे.

मी हे शिकले ते फसून. लेकीकडे मुंबईला असताना तिथल्या एका दुकानातून सोलं आणली. पाण्यात टाकताच शाईची दौत सांडल्यासारखा रंग आला. मी खूश! चाखलं तर आंबटपणा नावाला नाही. तीच सोलं दुसऱ्या पाण्यात टाकली तर नुसती फिकट चिंधी उरली. रंगवलेली होती की रस काढून घेतल्यावरच्या साली होत्या, देव जाणे. लेक म्हणाली, “आई, परत देऊया.” गेलो, तर दुकानदार म्हणाला, पाकीट फोडलंय. न फोडता सोल कसं चाखायचं, हे त्याने काही सांगितलं नाही.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा पाकिटावर तशी खूण दिसली तर बरंच. पण त्याहून बरं म्हणजे मे महिन्यात इकडे कुणी येणार असेल तर त्याच्या पिशवीत जागा सांगून ठेवा. आणि येणाऱ्याला सांगा, रातांब्याच्या बियांचं तेल मिळालं तर तेही आण. घट्ट वडीसारखं असतं. पावसात टाचा फुटतात, त्यावर दुसरं औषध आमच्या घरात कुणी आणलेलं मी पाहिलेलं नाही.

(थांबा. चार थेंब पडले. सोलं आत घेऊन येते.)

आले. थेंब चारच होते, पण ओली सोलं म्हणजे बुरशीला आवतण.

सोलकढीला डब्यातलं नारळाचं दूध चालेल का? आणि माझी कढी का फाटते? — एक वाचक, डोंबिवली

चालेल. पण ते घट्ट राहावं म्हणून त्यात काही ना काही मिसळलेलं असतं, त्यामुळे कढी जिभेवर मलईसारखी बसते. सोलकढी कशी, घशातून सर्रकन उतरली पाहिजे. निम्म्याहून जास्त पाणी घाला. लसूण-मिरची ठेचून त्याचा रसच घ्या, चोथा नको.

फाटते, कारण तुम्ही ती गरम करता. करता ना? आंबट आणि नारळाचं दूध एकत्र चुलीवर गेलं की काडीमोड ठरलेला. नारळ वाटताना पाणी कोमट घ्या, तेवढीच ऊब पुरे. सोलांऐवजी आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, घालणार असाल तर मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. आगळातही मीठ असतं. आज मिठाने माझा पिच्छाच पुरवलाय.

तांदळाच्या भाकरीला कडेने चिरा जातात. — एक सासूबाई, चिपळूण

पीठ जुनं आहे. महिन्याच्या वर ठेवू नका. नवं दळून आणा, आधणात उकड काढा आणि हाताला सोसेल तितकं गरम असतानाच मळा. तरीही चिरली तर मुकाट्याने घावणे घाला, कुणी तक्रार करणार नाही.

काकू, मी देवगडचा, पुण्यात खोलीवर राहतो. आईने कुळथाचं पीठ दिलंय. पिठी करायला गेलो तर गुठळ्या झाल्या आणि विजेच्या शेगडीवर उतू गेली. आईला सांगितलं तर ती लगेच गाडीत बसून येईल, म्हणून तुम्हाला विचारतोय. — एक विद्यार्थी

बाळा, पीठ उकळत्या पाण्यात टाकलंस ना? सगळी मुलगे मंडळी तेच करतात. आधी तीन मोठे चमचे पीठ दोन पेले गार पाण्यात कालवून ठेव, गुठळी बोटाने मोड. पातेलं मोठं घे. तेल, मोहरी, हिंग, पाच-सहा लसणी ठेचून, एक हिरवी मिरची. लसूण तांबूस झाली की कालवलेलं ओत आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा, तिथून हलायचं नाही, फोन खिशात. उकळली की आच कमी कर, दोन सोलं आणि मीठ टाक. मीठ कुठलं आणि किती, ते वरच्या ताईंच्या उत्तरात वाच. दहा मिनिटं रटरटू दे, कच्चा वास गेला पाहिजे. सुरुवातीला पाणीदार वाटेल, घाबरून आणखी पीठ घालू नको. ती बसल्या बसल्या घट्ट होते.

भात लावता येतो ना? नसेल येत तर पुन्हा लिही. आणि आईला सांगून टाक. तीन दिवसांत पीठ संपलं म्हटलंस की ती गाडीत बसणार नाही, पार्सल करील.