दहा वर्षांच्या मुलासाठी ६५ सीसी की ८५ सीसी?

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा असून त्याची उंची १३५ सेंटीमीटर आहे. पुण्याला मामाकडे तो ५० सीसीची, आपोआप चालणाऱ्या क्लचची मोटोक्रॉस (मातीच्या मैदानावर चालवायची) गाडी शिकला. आता त्याला गिअरची टू-स्ट्रोक गाडी घ्यायची आहे. ६५ सीसी लवकरच लहान पडेल, म्हणून एकदम ८५ सीसी घ्यावी, असा सल्ला मिळतो. तो योग्य आहे का? आमचे घर समुद्राला लागून आहे. तेथे अशी गाडी टिकेल का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आपण ६५ सीसीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यामाहाची वायझेड ६५, कावासाकीची केएक्स ६५ किंवा केटीएमची ६५ एसएक्स, यांपैकी कोणत्याही गाडीच्या सीटची उंची साधारण ७५ सेंटीमीटर असते. ८५ सीसीत ती ८३ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असते आणि वजनही बरेच वाढते. आपल्या मुलाचे पाय ६५ वर निदान चवड्यांवर टेकतील. पडलेली गाडी स्वतः उचलून पुन्हा सुरू करता येणे, हा या वयातील शिक्षणाचा मोठा भाग आहे आणि जड गाडीवर नेमका तोच हुकतो.

दुसरे कारण इंजिनाच्या स्वभावाचे. लहान टू-स्ट्रोक इंजिन सावकाश फिरताना मंद असते आणि जोरात फिरू लागल्यावर त्याची ताकद एकाएकी उसळते. ती उसळी सहा गिअर आणि हाताचा क्लच वापरून ताब्यात ठेवायला मूल ६५ वर शिकते. ८५ वर तीच उसळी इतकी जोरकस असते की भेदरलेले मूल थ्रॉटल (वेग वाढवणारी मूठ) उघडायलाच कचरते आणि त्याची प्रगती खुंटते. गाडी दोन वर्षांत लहान पडली, तर ती विकता येते.

ही गाडी रस्त्यावर नेता येत नाही, तिची नोंदणीच होत नाही. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर वाहन चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. किनाऱ्यावरही ती नेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि चाकांखाली ती घरटी दबतात. मालकाच्या परवानगीने सड्यावरची (जांभ्या खडकाच्या पठारावरची) मोकळी जागा निवडावी. मात्र कातळशिल्पे असलेला सडा पूर्णपणे वर्ज्य समजावा.

समुद्राकाठी गाडी टिकते, पण काळजी नियमाने घ्यावी लागते. खारी हवा चेन, स्पोक आणि बोल्ट यांना पोखरते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल द्यावे. बेअरिंगांवर मात्र जोराचा फवारा मारू नये. जांभ्याची बारीक लाल धूळ सर्वांत घातक, कारण ती फोमच्या एअर फिल्टरमधून आत गेली तर पिस्टन आणि रिंगा झिजतात. फिल्टर दर वेळी धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टरचेच तेल लावून बसवावा. पिस्टन किती तासांनी बदलायचा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, त्यासाठी तास मोजणारा छोटा मीटर बसवून घ्यावा.

या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. पुस्तिकेत ४०:१ प्रमाण सांगितले असेल, तर एक लिटर पेट्रोलमध्ये २५ मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मापून घालावे, अंदाजाने नव्हे. आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते दमट हवेतील पाणी शोषते, म्हणून लागेल तेवढेच मिश्रण करावे. पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करावा आणि उरलेले पेट्रोल काढून टाकावे. इंजिन चालू ठेवून पेट्रोल संपवण्याची पद्धत येथे वापरू नये, कारण शेवटच्या क्षणांत पेट्रोलबरोबर तेलही कमी पडते आणि सिलिंडरला ओरखडे येऊ शकतात.