प्रेशरचे मोजे घातले, फरक कधी दिसणार? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पायाचे प्रेशर मोजे आणि हाताची स्लीव्ह (दंडापासून मनगटापर्यंतची प्रेशरची बाही) यांबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : मी नागपुरातल्या महाल भागातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. दिवसाचे पाच-सहा तास उभं राहावं लागतं. डाव्या पायात व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा) आहेत. डॉक्टरांनी दिलेले क्लास २ चे (मध्यम दाबाचे) गुडघ्यापर्यंतचे मोजे चार महिने रोज घालते आहे. शिरा मात्र आहेत तशाच दिसतात. मग बंद करू का?

बंद करू नका. शिरा नाहीशा करणं हे मोज्याचं कामच नाही. तसं कुणी सांगितलं असेल, तर चुकीचं सांगितलं.

आपण एका जागी उभे राहतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, रक्त वर जातं आणि निरोगी पायात हा दाब बराच उतरतो. शिरेतल्या झडपा सैल झाल्या की वर गेलेलं रक्त पुन्हा खाली येतं आणि दाब चढाच राहतो. मोजा बाहेरून शीर आवळून धरतो. त्याचा जोर घोट्याला सगळ्यात जास्त आणि वर जाताना कमी कमी होत जातो. त्यामुळे पोटरीच्या पिळण्याला बळ मिळतं. मोजा उतरवला की शीर पुन्हा फुगते, कारण झडप काही दुरुस्त झालेली नसते.

मग अपेक्षा कशाची ठेवायची? पहिले आठ-दहा दिवस फक्त आवळल्यासारखं वाटतं, थोडी खाजही सुटते. दोन ते सहा आठवड्यांत संध्याकाळचा जडपणा, घोट्याची सूज आणि रात्री पोटरीत येणारे गोळे कमी व्हायला हवेत. घोट्याच्या आतल्या बाजूची कोरडी, खाजरी कातडी निवळायला तीन महिने लागू शकतात. तिथे तपकिरी डाग पडला असेल, तर तो झिरपलेल्या रक्तातल्या लोहाचा असतो आणि बहुधा राहतोच. शिरा तर राहतातच. त्यांचं काही करायचं असेल, तर पायाचा कलर डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं शीर बंद करण्याबद्दल सर्जनशी बोला.

फरक डोळ्यांनी जोखू नका, टेप घ्या. पाय जमिनीवर सपाट ठेवून जमिनीपासून १० सेंटिमीटर आणि ३० सेंटिमीटर उंचीवर पेनानं खूण करा. या दोन जागांचा घेर सकाळी उठल्यावर आणि रात्री मोजा काढल्या काढल्या टेपनं घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. आठवड्यातून एक दिवस पुरे. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतलं अंतर कमी होत असेल, तर मोजा काम करतो आहे, शिरा कशाही दिसोत.

हीच नोंद मोज्याचं वयही सांगते. रोज वापरलेला मोजा साधारण सहा महिन्यांत ढिला पडतो. कापड धड दिसतं, भोक नसतं, म्हणून लोक तोच दोन-दोन वर्षं घालतात आणि 'आता गुण येत नाही' म्हणतात. सुरुवातीला चढवायला दहा मिनिटं लागणारा मोजा एका ओढीत वर जायला लागला, तर तो सरावाचा परिणाम समजू नका, त्यातलं इलॅस्टिक संपलेलं असतं. दुपारपर्यंत मोजा खाली सरकणं आणि संध्याकाळी घोट्याचा घेर पुन्हा वाढणं या आणखी दोन खुणा. नवीन घेताना माप पुन्हा द्या, तेही सकाळी, सूज चढण्याआधी. चार वाजता दुकानात जाऊन दिलेलं माप सुजलेल्या पायाचं असतं.

घालण्याची पद्धत बघून घ्या, कारण बहुतेक तक्रारी तिथेच जन्मतात. अंथरुणातून उठल्यावर, पाय खाली सोडून बसण्याआधी मोजा चढवा. अंगठ्या काढा. भांडी घासायचे रबरी हातमोजे हातात घाला. मोज्यात हात घालून टाचेचा खळगा चिमटीत धरा आणि तेवढा भाग उलटा करून बाहेर काढा. आता पाऊल आत सरकवा, टाच टाचेच्या खळग्यात नीट बसवा आणि उरलेला मोजा थोडा थोडा वर घ्या. वरच्या काठाला धरून ओढायचं नाही. तसं केलं की वर कापड जास्त जमतं, मग ते दुमडलं जातं आणि दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होऊन गुडघ्याखाली दोरी बांधल्यासारखं होतं. शेवटी तळहातांनी सुरकुत्या सपाट करा. बोटांकडे उघडा मोजा असेल, तर पावलावर आधी पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा. मोजा तिच्यावरून अलगद घसरतो, नंतर बोटांकडून पिशवी ओढून घ्यायची.

वर्गात फळ्याशी उभ्या असताना दर तासाला पंधरा-वीस वेळा टाचा वर-खाली करा. पोटरी हलली नाही, तर मोज्याचं निम्मं काम वाया जातं.

प्रश्न : मे महिन्यात नागपुरात मोजे घालायचे कसे? पारा ४५ च्या वर, पाय भाजून निघतात. उन्हाळ्यापुरते सोडले तर चालतील का? (मनीषनगर)

अडचण खरी आहे. पण उष्णतेनं शिरा आणखी फुगतात, म्हणून सूज उन्हाळ्यातच सगळ्यात जास्त येते. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) मोजे सोडले, तर वर्षभर सांभाळलेली सूज आठ दिवसांत परत येईल.

मांडीपर्यंतच्या मोज्याऐवजी गुडघ्यापर्यंतचा, बोटं उघडी असलेला चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेकांना चालतो. सकाळी सहालाच घालून टाका. घामेजल्या पायावर मोजा चढत नाही. दुपारी दोन-तीन तास काढायचा असेल तर काढा, पण मग त्या वेळात आडवं पडून पाय छातीपेक्षा उंच उशीवर हवेत. खुर्चीवर पाय लोंबते ठेवून मोजा काढणं सगळ्यात वाईट. आणखी एक साधा उपाय : स्प्रेच्या बाटलीनं मोज्यावर बाहेरून पाणी मारा आणि कूलरसमोर बसा. मोजा ओला असला तरी दाब तसाच राहतो आणि पाणी उडताना पाय गार होतो. त्वचेवर घामोळं, पुरळ किंवा बोटांमध्ये पांढरी चिरलेली कातडी दिसली, तर मात्र आधी ती दाखवून घ्या.

धुण्यात आपल्याकडे हमखास एक चूक होते, ती म्हणजे गच्चीवरचं ऊन. दहा मिनिटांत वाळतो म्हणून मोजा दोरीवर टाकतात आणि ऊन व उष्णता इलॅस्टिक खाऊन टाकतात. मोजा रोज कोमट पाण्यात, सौम्य लिक्विड साबणानं हातानं धुवा. ब्लीच आणि कपडे मऊ करणारं द्रावण नको, पिळणंही नको. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि घरात पंख्याखाली आडवा पसरून ठेवा. खोबरेल किंवा मलम पायाला लावायचं ते रात्री, मोजा काढल्यावर. तेलही इलॅस्टिकचं शत्रू आहे. दोन जोड्या ठेवल्या, तर एक धुण्यात असताना दुसरी पायात असते.

प्रश्न : आईचं वय ७१, मधुमेह वीस वर्षांपासून. दोन्ही पाय सुजतात म्हणून मेडिकल स्टोअरमधून प्रेशरचे मोजे आणले. घालून द्यावेत का? (सक्करदरा)

अजून नको. मधुमेहात पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात आणि अशा पायावर आवळणारा मोजा घातला, तर उरलासुरला रक्तपुरवठाही तुटू शकतो. बधिर पायाला ते कळतही नाही. आधी डॉक्टरांनी पावलावरची नाडी तपासावी आणि घोट्याच्या रक्तदाबाची दंडाच्या रक्तदाबाशी तुलना करावी. मधुमेहींच्या धमन्या कडक झालेल्या असल्या की हा आकडा खोटा चांगला येतो, म्हणून गरज पडल्यास पायाच्या अंगठ्याचा दाबही मोजतात.

दुसरं, सूज दोन्ही पायांना सारखी असेल, तर कारण हृदय, मूत्रपिंड किंवा औषध असू शकतं. आई रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेतात का, ते गोळ्यांच्या पाकिटावर बघा. घोटे सुजवणारी ती नेहमीची गोळी आहे. ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या. दीड वर्षानं उजवा हात सुजला. स्लीव्ह घेतली, दोन महिने झाले. दंड थोडा बरा वाटतो, पण आता पंजा सुजू लागला आहे. स्लीव्ह किती वर्षं घालावी लागेल? (धंतोली)

पंजाचं आधी बघू. मनगटाशी संपणारी स्लीव्ह घातल्यावर काही जणींच्या पंजात द्रव साठतो. तुम्हाला स्लीव्हबरोबर बोटांचा किंवा निदान तळहाताचा प्रेशर ग्लोव्ह लागेल. स्लीव्हचा मनगटाकडचा काठ फार आवळतो आहे का, हेही तपासून घ्या.

दुसरी शंका मापाची आहे. लिम्फिडिमात (लसिका, म्हणजे लिम्फ हा द्रव, साठून येणाऱ्या अशा सुजेत) स्लीव्ह सूज उतरवण्यापेक्षा उतरलेली सूज धरून ठेवते. योग्य क्रम असा : आधी दोन ते चार आठवडे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून कमी ताणाच्या पट्ट्यांचं थरांचं बँडेजिंग, हात जितका उतरायचा तितका उतरला की मग स्लीव्हचं माप. साधं क्रेप बँडेज त्या जागी चालत नाही, ते काही तासांत ढिलं पडतं. तुमचं माप सुजलेल्या हाताचं घेतलं असेल, तर ही स्लीव्ह ती सूज तशीच जपून ठेवेल.

किती वर्षं, याचं सरळ उत्तर : हाताला सवय लागली तरी लसिकेच्या तुटलेल्या वाटा बहुतेक परत जुळत नाहीत, म्हणून दिवसा स्लीव्ह हा कायमचा भाग धरून चाला. हे ऐकायला जड आहे, पण लवकर धरलेला हात मऊ राहतो. दुर्लक्ष झालेल्या हातात पुढे चरबी आणि तंतू साठून तो घट्ट होतो आणि मग कुठल्याच दाबानं पूर्ण उतरत नाही. विदर्भात फायलेरियाच्या हत्तीपायात हेच घडताना दिसतं. साधारण सहा महिन्यांनी स्लीव्ह बदला. व्यायाम ती घालूनच करा. त्या हातात काचेच्या बांगड्या नकोत, त्यांच्या कडांनी स्लीव्हचे धागे तुटतात. हिरव्या बांगड्या डाव्या हातात भरा.

हात अचानक लाल, गरम झाला, ताप आला, तर स्लीव्ह काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, अँटिबायोटिक लागेल. पायाच्या मोज्यासाठीही असाच नियम : बोटं निळी, गार किंवा बधिर पडली तर मोजा लगेच उतरवा. एकच पाय एकाएकी सुजून पोटरी दुखू लागली किंवा धाप लागली, तर रक्ताची गाठ असू शकते. अशा वेळी थेट इमर्जन्सी गाठा.