वय २४, दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर वाढतोय आणि नवीन चष्म्यानेही स्पष्ट दिसत नाही. कारण कसं शोधायचं?

आधी घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. जाड कागदाला टाचणीने भोक पाडा, एक डोळा झाकून त्यातून दूरची पाटी वाचा. अक्षरं स्पष्ट झाली तर दोष बहुधा नंबरात किंवा बुबुळावरच्या पारदर्शक पटलाच्या (कॉर्नियाच्या) आकारात आहे. नाही झाली, तर डोळ्यामागचा पडदा (रेटिना) आणि डोळ्याची नस तपासायला हवी.

तुमच्या वयात, त्यातही सिलिंडरचा नंबर (चष्म्याच्या कागदावर CYL लिहिलेला, तिरकसपणाचा) सरकत असेल, तर मला पहिला संशय केराटोकोनसचा येतो. यात हेच पारदर्शक पटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. रात्री दिव्यांना शेपट्या फुटल्यासारख्या दिसतात का? डोळे चोळायची सवय आहे? (असेल तर आजच सोडा.) साध्या नंबर तपासणीत हे निसटू शकतं, म्हणून 'कॉर्नियल टोपोग्राफी' (पटलाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी) करायची का, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. वेळेत कळलं तर क्रॉस-लिंकिंगने (पटल मजबूत करणाऱ्या उपचाराने) आजाराची वाढ बहुतेकदा थांबते. गेलेली नजर मात्र त्याने पूर्ण परत येत नाही.

जुन्या चष्म्यांचे सगळे कागद सोबत न्या. रक्तातली साखरही तपासा, ती वरखाली झाली की नंबर हलतो.

डोळा फिरवताना दुखतंय, लाल रंग फिका दिसतोय किंवा नजर अचानक गेली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.