जुना लॅपटॉप: आधी डिस्क, मग विंडोज

प्रश्न : माझा लॅपटॉप 2015चा. पाचव्या पिढीचा आय-3, 4 जीबी रॅम, 1 टीबी हार्डडिस्क, विंडोज 10. सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं जातात. विंडोज 11 घालावं का? भजनांचा संग्रह आणि जत्रेतल्या नाटकांच्या संहिता श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या आहेत, त्या जाता कामा नयेत.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : रीतसर विंडोज 11 तुमच्याकडे बसणार नाही. त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते. रुफस हे पेनड्राइव्ह बनवायचं मोफत साधन वापरून ही अट चुकवता येते, दुकानदार तसं बसवूनही देतात. पण वर्षाची मोठी आवृत्ती मग आपोआप येईलच असं नाही. दरवेळी तोच उपद्व्याप. शिवाय 4 जीबीवर ते रखडणार.

सात-आठ मिनिटं खाते ती हार्डडिस्क. टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा रकाना बघा: तुम्ही काही न करताही तिथे 100 टक्के दिसत असेल, तर विंडोज कुठलंही घाला, फरक पडायचा नाही. 2.5 इंची, 7 मिमी जाडीची 256 जीबी साटा एसएसडी (साटा जोडणीची, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) घ्या. रॅम 8 जीबी करा, पण घेताना ‘डीडीआर-3 एल’, 1.35 व्होल्ट असं बघून घ्या. साधी 1.5 व्होल्टची डीडीआर-3 त्याच खाचेत अगदी नीट बसते, मात्र पडदा काळाच राहतो.

डिस्क बदलताना आधी बॅटरी सोडवा. जुनी डिस्क पुसू नका; यूएसबी केसिंगमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालून ठेवली की तोच तुमचा बॅकअप. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा आणि एसएसडीवर विंडोज 10 नव्याने घाला. परवान्याची की (प्रॉडक्ट की) विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडा. परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, इंटरनेट जोडलं की ओळखला जातो. फक्त आवृत्ती आधीचीच हवी: होम सिंगल लँग्वेज होती तर तीच. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

विंडोज 10चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. घरगुती वापरासाठी वाढीव अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जाहीर झाले आहेत. त्यासाठी 22एच2 ही विंडोज 10ची शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. नोंदणीची लिंक विंडोज अपडेटच्या पानावरच येते.

ही मुदत संपली की विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घालावी, 8 जीबीत ती मजेत चालते. पण श्रीलिपीचा कीबोर्ड तिथे चालेल यावर भिस्त ठेवू नका. म्हणून हाताशी वेळ आहे तोवर एवढं करा: प्रत्येक संहितेची फॉन्टसकट पीडीएफ काढा, मग मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्या. पीडीएफ शेजारी उघडी ठेवून ताडून बघा. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, ‘कीर्तन’मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. जोडाक्षरंही तपासा. अभंगात एक मात्रा हलली तरी गाणाऱ्याला खटकते.

प्रश्न : अपडेट चालू असताना वीज गेली. बॅटरी केव्हाच मेलेली. आता ‘बदल मागे घेत आहोत’ असं येऊन गोल फिरत राहतो.
– एक वाचक, वाळपई

उत्तर : बटण दाबू नका. हार्डडिस्कवर हे मागे घेणं दोन-तीन तासही चालतं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम सुरू आहे असं समजा. रात्रभरात हललं नाही तरच बंद करा. सुरू होणं सलग दोन-तीनदा फसलं की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यातल्या प्रगत पर्यायांत ‘अपडेट काढून टाका’ आहे, आधी ते. न जमल्यास स्टार्टअप रिपेअर.

मेलेल्या बॅटरीचा लॅपटॉप म्हणजे डेस्कटॉपच. पावसाळ्यात तुमच्या सत्तरी तालुक्यात तो यूपीएसवरच लावा. आणि बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या) अपडेटला मात्र नवी बॅटरी येईपर्यंत हात लावू नका: तिथे मध्येच वीज गेली, तर निळा पडदासुद्धा येत नाही.