टोरोंटोला निघण्याआधी दत्तक घ्यावं की नंतर?

ताई, तुम्ही दोघं गोव्यात म्हापशाला, कारामध्ये (म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणात) नाव नोंदवून दोन वर्षं झालीत आणि आता यजमानांना टोरोंटोची नोकरी आलीय. मूल घेऊनच निघायचं की तिकडे स्थिरावल्यावर भारतातल्या संस्थेतून आणायचं, असं तुम्ही विचारलंय. आम्ही मूळचे फोंड्याचे, आता ऑन्टारियोत असतो. आमची लेक आम्ही इथे आल्यावर झारखंडच्या एका संस्थेतून दत्तक घेतली. माझं स्पष्ट मत सांगते. दोन्ही वाटांनी मूल घरी येतं, पण मधल्या वाटेला जाऊ नका. एक तर दत्तकाचा आदेश हातात घेऊन विमानात बसा, नाही तर पीआर, म्हणजे कॅनडातला कायमचा वास्तव्य परवाना, मिळेपर्यंत थांबा.

काराच्या लेखी अनिवासी भारतीय म्हणजे भारतीय पासपोर्टवर वर्षाहून जास्त काळ बाहेर राहणारा माणूस. त्यामुळे पहिलं वर्ष तुम्ही ना इकडच्या, ना तिकडच्या. त्यात वर्क परमिटवर असताना दत्तक मुलाला स्पॉन्सर करता, म्हणजे आपल्या जबाबदारीवर तिकडे कायमचं आणता येत नाही. त्याला पीआर किंवा नागरिकत्वच लागतं.

पीआर झाल्यावरसुद्धा काराकडे थेट अर्ज चालत नाही. भारत आणि कॅनडा दोघेही परदेशी दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग करारात आहेत, म्हणून परवानाधारक एजन्सीमार्फतच जावं लागतं. ऑन्टारियोत पालकांना २७ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, मग होम स्टडी (समाजसेवकाकडून घराची आणि पालकांची पाहणी), मग प्रांताची संमती. मूल सुचवलं गेलं की राखून ठेवायला परदेशातल्या पालकांना ९६ तास मिळतात, भारतातल्यांना ४८. त्यानंतर काराचं ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (सप्टेंबर २०२२ पासून हे काम कोर्टाकडे नाही), हेग कराराप्रमाणे प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि शेवटी व्हिसा. एका गोष्टीचं मात्र समाधान आहे. अनिवासी आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय) पालकांना प्रतीक्षायादीत भारतातल्या पालकांच्या बरोबरीनंच धरतात.

आपल्या गोव्यात घराघरांत पोर्तुगीज पासपोर्टची फाईल चालू असते, म्हणून हेही सांगते. ते नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि कागदोपत्री तुम्ही वेगळ्याच वर्गात जाता. दत्तकाची प्रक्रिया अर्ध्यावर असताना ही उलथापालथ करू नका.

तुमचा नंबर जवळ आला असेल तर मी म्हणेन, थांबा. यजमानांना रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येते का ते विचारू द्या. भारतात दत्तक घेतल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. त्या काळात देश सोडणार असाल तर संस्थेला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आधी कळवा. पीआरचा अर्ज चालू असेल तर त्यात मुलाचं नाव घातल्याशिवाय राहू नका. लपवलेलं मूल पुढे स्पॉन्सर करायला गेलात की मोठी अडचण होते.

आता कागदांपलीकडचं. आमची लेक आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. सकाळी उठली की न्हाणीघराच्या दाराशी भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभी राहायची. आत कुणी नसलं तरी. नंबर आल्याशिवाय आत जायचं नसतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. भूक लागली, कुठे दुखलं, तरी तोंडातून शब्द नाही. लोक म्हणायचे, किती शहाणी पोर! मला मात्र तिच्या त्या शहाणपणानं पोटात कालवायचं. पहिल्यांदा तिनं ताटातली पेज नको म्हणून ढकलली, तेव्हा आम्ही दोघं इतके सुखावलो की काय सांगू.

म्हणून सांगते, मूल घरी आलं की निदान काही महिने त्याला एकच घर, तीच दोन माणसं आणि तेच अंथरूण मिळू द्या. त्याच महिन्यात म्हापशाहून टोरोंटोच्या थंडीत नेऊ नका. मध्ये गणेशचतुर्थी, आपली चवथ, आली तरी पाहुण्यांनी भरलेल्या घरात माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवाखाली) बसवून सगळ्यांच्या मांडीवर फिरवू नका. सासूबाईंना वाईट वाटेल, पण त्यांना आधीच समजावून ठेवा.

आणि कुणी ओळखीचं म्हणेल, अमक्या नर्सिंग होममध्ये बाळ आहे, परस्पर घेऊन टाका. अजिबात नको. बाल न्याय कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि हेग करारातल्या देशात असलं मूल व्हिसावर कधी पोचणार नाही.

या आठवड्यात एवढं करा. यादीतला तुमचा नंबर बघा, आणि परदेशी गेल्यावर यादीतली ज्येष्ठता टिकते का, हे काराला लेखी विचारा. फोनवरच्या उत्तरावर तिकीट काढू नका. उत्तर आलं की मला कळवा. इथल्या एजन्सीला काय काय विचारायचं ते मी सविस्तर लिहून पाठवते.